राहणे

१९ एप्रिल, रविवार

आज मंडळीत योहानाच्या शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय वाचला गेला. पाळकसाहेब उपदेशात फळांविषयी बोलले. माझे मन मात्र एका साध्या क्रियापदापाशी अडले. स्वतःला वेल आणि शिष्यांना फाटे म्हणत, 'माझ्यामध्ये राहा' असे प्रभू येशू त्यांना पुन्हा पुन्हा सांगतो. आपल्या भाषेत राहणे ही घराची गोष्ट आहे. "कुठे राहता?" असे कोणी विचारले, तर तिथे आज आपले मन रमते की नाही, याचा विचार न करता आपण पत्ता सांगतो.

गेले दोन महिने माझी पहाटेची प्रार्थना कोरडी आहे. सासूबाईंच्या औषधांच्या वेळा, मुलीची परीक्षा आणि कचेरीची बस यांत शास्त्रवाचन एखाद्या स्तोत्रावर आटोपते आणि रात्रीच्या कौटुंबिक उपासनेत मिटलेले डोळे उघडतच नाहीत. (परवा 'आमेन' मुलीनेच म्हटले आणि मला हलवून जागे केले.)

दुपारी आम्ही निफाडजवळ भावाच्या द्राक्षबागेत गेलो. खरड छाटणी नुकतीच झालेली. ओलांड्यांवर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्यांवर, आखूड खुंट तेवढे उरलेले. "बाग अगदी भकास दिसते रे," मी म्हणाले. तो हसला. "ताई, पुढचा माल आत्ताच ठरतो. आता फुटेल त्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, दीड-दोन महिन्यांत घड तयार होतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो आपल्याला दिसतो इतकेच. तोवर पाने जपायची आणि डोळ्यांवर ऊन पडू द्यायचे."

बांधावर सकाळीच छाटलेल्या काड्यांचा ढीग होता आणि त्यांवरची पाने अजून हिरवी होती. वेलीला धरून असलेले खुंट उघडेबोडके, आणि तुटलेल्या काड्या ताज्या! महिला संघाची चिटणीस असताना सभा, गीते, भेटी यांत माझे दिवस कसे भरलेले असत आणि एकांतात प्रभूशी मी किती थोडे बोलत असे, हे तिथे उभी असताना आठवले. त्या दिवसांत मला आपल्या भक्तीची कधी चिंता वाटली नव्हती.

रात्री सासूबाईंना गोळी दिल्यावर त्यांच्या उशाशी बसून १३१ वे स्तोत्र मोठ्याने वाचले. त्यात तीनच वचने आहेत. तिसऱ्या वचनाआधीच त्यांना झोप लागली. मी दिवा मालवून थोडा वेळ तिथेच बसून राहिले.