ऑरेंज गेटला उतरताना

आज सकाळी पुन्हा तेच. चेंबूर ते ऑरेंज गेट गाडी सुसाट, आणि रॅम्पच्या तोंडाशी लाल दिव्यांची माळ. मुंबईच्या ईस्टर्न फ्रीवेचं, म्हणजे बराचसा पुलावरून जाणाऱ्या या जलद रस्त्याचं, दुखणं वर नाहीच, ते खाली उतरल्यावर सुरू होतं. वर एकही सिग्नल नाही. सगळी गर्दी एकदम पी. डिमेलो रोडवर येऊन पडते. फनेलमध्ये तेल भसकन ओतलं तर काय होतं, तसंच.

पूर्व किनाऱ्याने जलद रस्ता हवा, हे 1960च्या दशकातल्या आराखड्यांत होतं. एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) बांधलेला पहिला मोठा टप्पा, ऑरेंज गेट ते चेंबूरजवळचं पांजरापोळ, खुला झाला जून 2013 मध्ये. पुढचा घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडपर्यंतचा तुकडा 2014ला. एकूण सुमारे 17 किलोमीटर, पैकी अर्धा किलोमीटर डोंगरातला जुळा बोगदा. या पट्ट्यातल्या झोपड्या हलवायलाच बराच वेळ गेला.

आणि वापरतं कोण? दुचाकी, रिक्षांना बंदी. म्हणजे ज्यांच्या वस्तीवरून गेला, त्यातले बरेचजण खालच्याच रस्त्याने, ट्रेलरच्या मागे धूळ खात जातात. मला हे खटकतं.

वर 'धडक-धडक' ऐकू येतं ना, ते एक्स्पान्शन जॉइंट, पुलाच्या दोन तुकड्यांमधली फट. उन्हाने डेक, म्हणजे पुलाचा वरचा रस्ता, प्रसरण पावतो, म्हणून फट ठेवावीच लागते. तिच्यातला रबरी सील माती भरून फाटला की पाणी थेट खालच्या बेअरिंगवर, म्हणजे डेक ज्या आधारांवर टेकतो त्यांच्यावर. पावसाळ्याआधी फटी साफ करणं हे स्वस्तातलं काम.

आता ऑरेंज गेट ते मरिन ड्राइव्ह बोगदा खणतायत.