निमंत्रणपत्राच्या आधीचे पत्र

समाजशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या एका सहकारी मॅडमनी जर्मनीच्या हुम्बोल्ट प्रतिष्ठानच्या संशोधनवृत्तीसाठी अर्ज करण्याचे मनावर घेतले आणि त्यांचे इंग्रजी तपासून देण्याच्या निमित्ताने त्या साऱ्या व्यवहारात मीही ओढला गेलो. बॉन येथील हे प्रतिष्ठान १९५३ मध्ये नव्याने उभे राहिले. त्याच्याकडे ना देशांचा कोटा आहे, ना विषयांचा; मात्र तिथल्या एखाद्या प्राध्यापकाने यजमान होण्यास लेखी संमती, म्हणजेच निमंत्रणपत्र, दिल्याखेरीज अर्ज पुढे सरकत नाही. आमच्याकडचे बहुतेक उमेदवार अडतात ते नेमके इथे.

मॅडमनी आधी चाळीसेक प्राध्यापकांना एकच मजकूर पाठवला होता. 'आपल्या बहुमोल मार्गदर्शनाखाली काम करण्याची माझी इच्छा आहे', अशी सुरुवात, त्यानंतर पदव्यांची यादी आणि शेवटी नम्र विनंती. एकाचेही उत्तर आले नाही, आणि खरे सांगायचे तर ते पत्र मला आले असते, तर मीही दिले नसते. त्यात मॅडम होत्या, त्यांचा संशोधनप्रश्न नव्हता.

वास्तविक त्यांच्या हाताशी असलेला प्रश्न कुणालाही हेवा वाटावा असा आहे. सोलापूरलगतच्या कुंभारी येथे विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची सहकारी वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरे दिली गेली. घर मिळाल्यानंतर सुनेच्या आणि सासूच्या नात्यात काय बदलले, पाने कापत, तंबाखू भरत विड्या वळण्याचे काम त्याच घरात चालू राहिले की बाहेर गेले, हे मॅडम तेलुगू बोलणाऱ्या त्या बायकांच्या ओट्यावर बसून कित्येक वर्षे टिपून घेत आहेत. पुढचे पत्र आम्ही सहकारी गृहनिर्माणावर लिहिणाऱ्या एकाच प्राध्यापिकेला लिहिले. त्यांच्या लेखातील एक विधान कुंभारीत का लागू पडत नाही, एवढेच सात ओळींत मांडले. तिसऱ्या दिवशी उत्तर आले, आणि त्यात कौतुक नव्हते, चार आक्षेप होते. निमंत्रणपत्र त्यानंतर तीन महिन्यांनी मिळाले.

अमेरिकेत जाण्यासाठीच्या फुलब्राइट-नेहरू वृत्तीचाही विचार झाला होता. भारत-अमेरिका करार १९५० चा असून, २००८ पासून भारत त्यात बरोबरीचा भागीदार आहे. अध्यापकांसाठीचा मुक्काम साधारण चार ते नऊ महिन्यांचा असतो, आणि त्या व्हिसाच्या अटीनुसार परतल्यावर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. ज्याला परत येऊन सोलापुरातच शिकवायचे आहे, त्याला ही अट जाचक वाटण्याचे कारण नाही. मॅडमना मात्र इतकी सलग रजा मिळणे अवघड होते.

रजेचा विषय कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही. संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र, बदली अध्यापकाची व्यवस्था, कर्तव्य रजा की बिनपगारी, या प्रश्नांत एक सत्र सहज जाते. आमच्या कार्यालयात मॅडमची फाईल 'नियम तपासून सादर करावे' या शेऱ्यासह दोनदा फिरून आली. अनुभवी संशोधकांना हुम्बोल्टचा मुक्काम किमान तीन महिन्यांच्या तीन टप्प्यांपर्यंत विभागून घेता येतो, हे त्या फाईलला जोडले तेव्हा कुठे सूर बदलला. प्राचार्य म्हणाले, "तीन महिने म्हणजे एक सत्रही नाही, तेवढे बघता येईल." पहिला टप्पा उन्हाळी सुट्टीला जोडून घ्यायचा, असे ठरवून मॅडमनी अर्ज सादर केला आहे, आणि जूनमधल्या त्यांच्या तासांची वाटणी मी आतापासूनच करून ठेवली आहे.