पाटीवर एकच नाव

नर्सरीत खांबासारख्या निवडुंगांच्या (कॅक्टसच्या) चाळीस कुंड्यांचा माल उतरला आणि प्रत्येक पाटीवर एकच शब्द: ‘पेरुव्हियानस’. घोळ या शब्दातच आहे. सेरियस आणि ट्रायकोसेरियस ही कॅक्टसची दोन वेगळी कुळं. सेरियस पेरुव्हियानस या जुन्या नावाखाली सेरियसच्या एकाहून जास्त जाती खपतात. ट्रायकोसेरियस पेरुव्हियानस हे झाडच निराळं. ब्रिटन आणि रोझ या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९२० मध्ये पेरू देशातल्या मातुकाना इथल्या झाडाला हे नाव दिलं. त्यामुळे आम्ही सगळ्या पाट्या उपटल्या आणि कुंड्या नव्याने निवडायला घेतल्या.

दोन कुंड्या लगेच बाजूला निघाल्या. काटे जोडीजोडीने, खाली लोकरीची गादी (कॅक्टसचे काटे जिथून फुटतात तो ठिपका) नाही, आणि टाचणी टोचताच पांढरा चीक. म्हणजे आपल्या त्रिधारी निवडुंगाच्या गोतातला युफोर्बिया, कॅक्टस नव्हेच. हा चीक डोळ्यात जाऊ देऊ नये.

बाकीच्यांत मी काट्यांआधी धारा, म्हणजे खोडाच्या उभ्या कडा, बघितल्या. सेरियसची धार उंच नि पातळ, दोन धारांमधली खाच खोल. ट्रायकोसेरियसची धार रुंद, गोलसर, आणि गादीच्या जरा वर बहुधा एक आडवी घडी. धारेवरून अंगठा फिरवला की ती हाताला लागते. असे सत्तावीस सेरियस निघाले. एकावर फळ होतं, त्याच्या टोकाला कुक्षीवृंताची (फुलातल्या स्त्रीकेसराच्या दांड्याची) वाळलेली काडी अजून चिकटलेली. ही सेरियसची खूण. फुलं असती तर कामच सोपं झालं असतं: दोन्ही पांढरी, रात्री उमलणारी, पण सेरियसची फूलनळी गुळगुळीत, ट्रायकोसेरियसची केसाळ.

उरले अकरा ट्रायकोसेरियस. पाचांचे काटे सेंटिमीटरभरही नव्हते: ही पाचानोई, ट्रायकोसेरियसचीच दुसरी जात. तिघांचे मधाच्या रंगाचे, तीन-चार सेंटिमीटर, खोडाला शेंड्याकडे निळसर झाक: पेरुव्हियानस. तीन मात्र अधलेमधले, आणि अशा झाडांवर ‘संकर’ लिहून मोकळं व्हायची घाई होते.

सावलीत वाढलेल्या खोडाच्या धारा उथळ होतात, काटे आखूड नि बारीक येतात. निळी मेणचट झाक हाताळल्याने पुसते. म्हणून मी जुन्या, पक्क्या वाढीवरच्या दहा-दहा गाद्या धरून प्रत्येकीतला सर्वांत लांब काटा मोजला. पहिल्या झाडाचे खाली तीन सेंटिमीटर, वर जेमतेम एक, आणि नेमकं तिथेच खोड निमुळतं झालेलं. तो सावलीत राहिलेला पेरुव्हियानसच होता. उरलेली दोन एकाच बागेतल्या बियांची. ट्रायकोसेरियसला स्वतःच्या परागाने सहसा बी धरत नाही, त्यामुळे बागेत चार जाती असल्या की बाप कोण ते सांगता येत नाही. पण या जातींत मुळातच इतकी विविधता असते की अधलंमधलं रूप हा संकराचा पुरावा होत नाही. पाटीवर लिहिलं: ‘ट्रायकोसेरियस, बागेतलं बी, परागदाता अज्ञात’.

त्या तिन्ही कुंड्या आता भर उन्हात, पाचानोईशेजारी, एकाच मातीत आहेत. पावसाळ्यात वर प्लॅस्टिक येईल. वीतभर नवी वाढ झाली की पुन्हा दहा गाद्या मोजायच्या.