बाबांच्या किडनीसाठी काय खावं? : खात्रीची माहिती शोधतानाचा माझा अनुभव

बाबांच्या रिपोर्टमध्ये तीन आकडे ठळक छापून आले होते. क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात साठणारा टाकाऊ घटक) 2.1, ईजीएफआर (किडनी किती काम करते त्याचा अंदाज) 33 आणि पोटॅशियम 5.6. वय 68, रक्तदाब जुना. डॉक्टरांनी सांगितलं की हा किडनीचा दीर्घकालीन विकार आहे, टप्पा 3-बी. डायलिसिसची वेळ आलेली नाही, पण ती येऊ द्यायची नसेल तर रक्तदाब आणि खाणंपिणं दोन्ही सांभाळावं लागेल. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, तेव्हा तिकडे विशेष लक्ष द्या, असंही म्हणाले. आहारतज्ज्ञांची वेळ मिळाली ती पुढच्या महिन्यातली. मधल्या काळात घरात दोन्ही वेळचा स्वयंपाक व्हायचाच होता आणि आईचा प्रश्न अगदी साधा होता : "आज भाजी कुठली करू?"

सल्ल्यांची कमतरता नव्हती. नातेवाइकांच्या ग्रुपवर बातमी पोचली आणि संध्याकाळपर्यंत शहाळ्याचं पाणी, जवाचं पाणी, कोथिंबिरीचा काढा, गोखरू, गाजर-बिटाचा रस असं सगळं येऊन पडलं. एक जण म्हणे डाळी पूर्ण बंद करा, दुसरा म्हणे अशक्तपणा येईल, मोड आलेली कडधान्यं वाढवा. पाठवणाऱ्या प्रत्येकाला बाबांची काळजी होती, त्यामुळे कुणाला तोडून बोलावंसं वाटेना. पण सगळं एकदम खरं असणं शक्य नव्हतं. मग मी एक वही केली. डाव्या पानावर सल्ला, उजव्या पानावर तो कुठून आला आणि मुळात कुणासाठी दिलेला आहे.

हे "कुणासाठी" सुरुवातीला मी नुसतं एक रकाना म्हणून लिहिलं होतं. पण सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

शहाळ्याचंच घ्या. "किडनीसाठी काय खावं" असं मराठीत शोधलं की पहिल्या दहा-पंधरा निकालांत मुतखडा आणि किडनीचा दीर्घकालीन विकार यांची सरमिसळ असते. अगदी वर येणारा, यंत्राने तयार केलेला सारांशही तीच सरमिसळ उचलतो. मुतखडा होणाऱ्या माणसाला भरपूर पाणी प्या असं सांगतात, आणि ते बरोबरच आहे. शहाळ्याची स्तुती बहुतेक ठिकाणी तिथूनच आलेली. पण शहाळ्याच्या पाण्यात 100 मिलिलिटरमागे साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. एका मध्यम शहाळ्यातलं 300 मिलिलिटर पाणी प्यायलं की सहाशे-सातशे मिलिग्रॅम एका दमात पोटात. निरोगी किडनी ते बाहेर टाकते. बाबांची किडनी तेवढ्या वेगाने टाकू शकत नाही, त्यात त्यांना रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू आहे आणि त्या गोळीने पोटॅशियम आणखी वाढू शकतं. पण तेवढ्यासाठी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, ती किडनीच्या भल्यासाठीच आहे, हेही डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं.

मिठाचं प्रकरण याहून अवघड निघालं, कारण तिथे माहिती चांगल्या ठिकाणची होती. आत्याने मुद्दाम कमी सोडियमचं मीठ आणून दिलं. "जागतिक आरोग्य संघटनाच सांगते," ती म्हणाली. मी शोधलं, तर खरंच सांगते. जानेवारी 2025 मध्ये संघटनेने कमी सोडियमच्या पर्यायी मिठाबद्दल मार्गदर्शन प्रसिद्ध केलं आहे. त्याआधी 2021 मध्ये चीनमधल्या 600 खेड्यांत, सुमारे 21 हजार लोकांवर झालेला मोठा अभ्यासही सापडला. त्यात नेहमीच्या मिठाऐवजी 75 टक्के सोडियम क्लोराईड आणि 25 टक्के पोटॅशियम क्लोराईड असलेलं मीठ दिलं होतं, आणि पक्षाघाताचं प्रमाण कमी झालं होतं. इथवर सगळं आत्याच्या बाजूचं. पण त्याच अभ्यासात गंभीर किडनीविकार असलेल्यांना घेतलेलंच नव्हतं. आणि संघटनेच्या मार्गदर्शनातही स्पष्ट लिहिलं आहे की ही शिफारस किडनीचं काम मंदावलेल्यांसाठी नाही, गरोदर स्त्रिया आणि मुलांसाठीही नाही. पुडी उलटी करून बघितली. मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक छापलेले होते, त्यात पोटॅशियम क्लोराईड होतंच. पुडी आत्याला परत दिली, कारण तिच्या घरी तिचा उपयोग होता. तिची किडनी ठीक आहे आणि रक्तदाब वाढलेला आहे. तरी तिच्या डॉक्टरांना आधी विचार म्हटलं.

तेव्हापासून मी कुठलंही पान उघडलं की निष्कर्षाआधी हे बघते : अभ्यास कुणावर झाला, कुणाला वगळलं. चांगल्या संस्थांच्या पानांवर हे लिहिलेलं असतं. जिथे लिहिलेलंच नसतं तिथे मी फार वेळ घालवत नाही.

मराठीतल्या पानांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्यापैकी बहुतेक जण तिथेच शोधणार. एका ठिकाणी पोटॅशियमचा तक्ता मिळाला, त्यात केळ्यापुढे "358 ग्रॅम" छापलेलं होतं. 100 ग्रॅम केळ्यात 358 ग्रॅम पोटॅशियम असूच शकत नाही, ते मिलिग्रॅम आहे. तोच तक्ता, त्याच चुकीसकट, मला आणखी दोन संकेतस्थळांवर दिसला. एक वाक्य उचलून अवतरण चिन्हांत टाकून शोधलं की असं चटकन कळतं. तीन ठिकाणी एकच गोष्ट लिहिली आहे म्हणून ती खरी, असं धरून चालत नाही. तिघांनी एकाच ठिकाणाहून उतरवलेली असू शकते. लेखाखाली लिहिणाऱ्याचं नाव नाही, शिक्षण नाही, तारीख नाही, आणि शेवटी पावडर मागवायचं बटण, असं दिसलं की मी ते पान बंद करायला लागले.

त्या पावडरींनी मात्र मन विटलं. बाबांच्या फिरायला जाणाऱ्या मित्रांपैकी एकांनी "क्रिएटिनिन उतरवणारी" म्हणून एक बाटली आणली. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक दाखवून ते म्हणाले, "सरकारमान्य आहे." तो क्रमांक खाद्यपदार्थ बनवण्या-विकण्याच्या परवान्याचा असतो. त्याने आजार बरा होतो असं कुणी तपासून सांगितलेलं नसतं. उलट आहारपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनावर "औषधी वापरासाठी नाही" असं इंग्रजीत छापावंच लागतं, आणि त्या बाटलीवर ते होतं. काकांना भिंग आणून दाखवलं. जाहिरातीच्या पानावर अभ्यासाचा दुवाही होता. पबमेडवर तो सापडला. प्रयोग उंदरांवरचा होता. पबमेड हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं मोफत सूचीस्थळ आहे, शोधनिबंधाचा सारांश तिथे कुणालाही वाचता येतो. इंग्रजी जड गेलं तरी प्रयोग माणसांवर आहे की प्राण्यांवर, माणसं किती होती आणि त्यांना कोणता आजार होता, एवढं समजतं.

"नैसर्गिक आहे, अपाय काय होणार" हे वाक्य या काळात फार ऐकलं. मला कमरख आवडतं, आडवं कापलं की चांदणीसारखं दिसणारं, मीठ-तिखट लावून खायचं. किडनी अधू असलेल्याला या फळाने न थांबणारी उचकी, गोंधळल्यासारखं होणं, झटके, इथपर्यंत मजल जाऊ शकते. त्यातलं मेंदूवर परिणाम करणारं द्रव्य ब्राझीलच्या संशोधकांनी 2013 मध्ये ओळखलं. बेल्जियममध्ये 1990 च्या दशकात वजन उतरवण्याच्या गोळ्यांत ॲरिस्टोलोकिया वर्गातली वनस्पती गेली आणि कितीतरी स्त्रियांच्या किडन्या निकामी झाल्या. हे मी ग्रुपवर टाकलं ते कुणाला घाबरवायला नाही. काढ्यात नेमकं काय आहे ते विचारल्याशिवाय बाबांना काही देऊ नका, एवढंच मला हवं होतं.

व्हिडिओतल्या डॉक्टरांचं काय करायचं, हाही प्रश्न होता. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावर डॉक्टरांची नोंदवही आहे, नाव घालून नोंदणी बघता येते. पुढचा प्रश्न शाखेचा : हाडांचे नामवंत डॉक्टर किडनीच्या आहारावर बोलत असतील तर ते माझ्या वहीत उजव्या पानावर लिहून ठेवायचं. आहारतज्ज्ञांसाठी इंडियन डायटेटिक असोसिएशनची नोंदणीकृत आहारतज्ज्ञ ही परीक्षा असते. नावापुढे "न्यूट्रिशन कोच" लिहिणाऱ्याने ती दिलेली असेलच असं नाही. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या परिषदेने 2023 मध्ये आरोग्याबद्दल बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरांना आपलं शिक्षण जाहीर करायला सांगितलं आहे. जे करत नाहीत त्यांचा व्हिडिओ मी पुढे पाठवत नाही.

आता भाजीचा प्रश्न. परदेशी किडनी संस्थांची पानं काळजीपूर्वक लिहिलेली आहेत, पण त्यात ॲव्होकॅडो आणि संत्र्याचा रस. अळू, शेवगा, नाचणी, वरण यांचं काय? त्याचं उत्तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेकडे मिळालं. संस्थेने 2017 मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले, त्यात 528 पदार्थ आहेत आणि पदार्थांची मराठी नावंही दिलेली आहेत. वाचायला थोडी सवय लागते. ऊर्जा कॅलरीत नाही, किलोज्यूलमध्ये आहे, म्हणून 4.18 ने भागायचं. आणि आकडे कच्च्या, खाण्याजोग्या 100 ग्रॅमचे आहेत. हे लक्षात घेतलं नाही तर माणूस नाहक घाबरतो. डाळींपुढे पोटॅशियमचा आकडा हजार मिलिग्रॅमच्या वर दिसला आणि आई म्हणाली, "म्हणजे वरणच बंद?" पण वाटीभर वरणाला कच्ची डाळ लागते पंचवीस-तीस ग्रॅम. तागडी काढून दोघींनी मोजलंच. म्हणजे वाटीमागे तीनशे-चारशे. पोटॅशियमच्या हिशेबात पालक वरच्या रांगेत, दुधी खालच्या रांगेत. बटाटा बराच वर, पण चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलं की पोटॅशियम बरंच कमी होतं. सैंधवाबद्दलही खात्री करून घेतली. तेही बहुतांशी सोडियम क्लोराईडच, त्याला मिठातून सूट नाही.

मराठीत नीट लिहिलेलंही आहे, शोधावं लागतं इतकंच. राजकोटच्या किडनी एज्युकेशन फाउंडेशनने किडनीतज्ज्ञांनी लिहिलेलं पुस्तक मराठीसह अनेक भारतीय भाषांत मोफत ठेवलं आहे. बाबांनी ते मोबाइलवर अक्षर मोठं करून स्वतः वाचलं. मला त्याचा फार आनंद झाला, कारण तोवर त्यांच्या ताटाबद्दल बाकी सगळे बोलत होते आणि ते गप्प बसून असायचे.

आहारतज्ज्ञांकडे गेलो तेव्हा वही बरोबर होती. बाईंनी ती शांतपणे चाळली. पहिली दुरुस्ती त्यांनी अशी केली की सगळी फळं बंद करायची गरज नाही. पोटॅशियमचा निर्बंध रक्तातला आकडा बघून ठरतो, किडनीविकार आहे म्हणून सरसकट नाही. सफरचंद, पेरू, पपई यांचं प्रमाण त्यांनी बाबांच्या आकड्यावरून लिहून दिलं. प्रथिनं वजनाच्या किलोमागे 0.8 ग्रॅम, म्हणजे 62 किलोंना दिवसाला साधारण 50 ग्रॅम. डाळ बंद केली तर स्नायू झडतील, आणि प्रथिनांची पावडर घेतली तर किडनीवर भार येईल. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, त्यात पापड, लोणचं, फरसाण सगळं धरून. पापड गेला याचं दुःख बाबांना सगळ्यात जास्त झालं. घरी आल्यावर आईने भाजीत आमसूल, जिरं, लसूण वाढवलं आणि मीठ कमी केलं. पहिले काही दिवस जेवण फिकं लागलं, मग जीभ सरावली.

पुढच्या तपासणीत पोटॅशियम 4.9 आलं. क्रिएटिनिन होतं तिथेच राहिलं. "उतरलं नाही का?" असं ग्रुपवर विचारणाऱ्यांना मी डॉक्टरांचं म्हणणं कळवलं : या टप्प्यावर ते स्थिर राहणं हीच चांगली बातमी आहे. आता ग्रुपवर काही आलं की आत्या आधी मला विचारते, "हे आपल्या दादासाठी आहे का गं?"

सध्या प्रश्न आंब्याचा आहे. बाबा रत्नागिरीचे, पेटी घरात आलेली. आंब्यात 100 ग्रॅममागे दीडशे ते पावणेदोनशे मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, केळ्याच्या निम्मं. तरीही नेटवर "किडनीच्या रुग्णांनी आंबा खावा का" याची होकार-नकार दोन्ही उत्तरं सारख्याच ठामपणे दिलेली आहेत. म्हणून आहारतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी शेवटचा रिपोर्ट मागवून बघितला आणि सांगितलं : हापूसची एक फोड, आमरस नाही, त्या दिवशी दुसरं फळ नाही आणि बटाटाही नाही. मेअखेरीस पोटॅशियम पुन्हा तपासायचं आणि रिपोर्ट त्यांना पाठवायचा.