गाणं थांबायचं, पण सेकंद पळत राहायचे

"डॅशबोर्ड कापलास तरी चालेल, पण हा सीडी प्लेयर एकदाचा नीट बसव," काका गाडीतून उतरता उतरताच म्हणाले. जुन्या गाड्यांचं वायरिंग हे माझं रोजचं काम. कापाकापीचा विषय निघाला की मी आधी गाडी नीट बघून घेतो, कारण कापलेला डॅशबोर्ड पूर्ववत होत नाही.

गाडी १९७०च्या दशकातली. सीडी बाजारात आली १९८२ साली आणि गाडीत बसवायचे प्लेयर १९८४ पासून मिळायला लागले, त्यामुळे या डॅशबोर्डमध्ये सीडी प्लेयरला जागा असण्याचा प्रश्नच नव्हता. मूळ रेडिओसाठी दोन टोकांना नॉबच्या दांड्यांची दोन गोल भोकं आणि मधे काट्याच्या पट्टीपुरती खिडकी, एवढंच. प्लेयरला १८० बाय ५० मिलिमीटरचा सलग आयत लागतो. तो काढायचा तर दोन्ही भोकं आणि त्यांच्यामधला पत्रा उडवावा लागतो.

आधीच्या कारागिराने कापलं नव्हतं, हे त्याचे उपकारच. त्याने प्लेयर डॅशबोर्डच्या खाली ब्रॅकेटला टांगला होता. जुना रेडिओ जागेवर होता, पण अँटेना आणि स्पीकरच्या वायरी प्लेयरला दिल्यामुळे मुका झाला होता. तक्रार अशी, की दणका बसला की गाणं बंद पडतं. सीड्या नव्या आणून झाल्या, लेन्स साफ करून झाली, शेवटी प्लेयरच बदलला. फरक शून्य. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की जागाच चुकीची आहे.

जागा चुकीची होतीच. ब्रॅकेट फक्त पुढच्या बाजूने धरलेला, मागचं टोक अधांतरी. हाताने हलवलं तर प्लेयर लटलट हलत होता. शिवाय बटणं दिसावीत म्हणून तोंड वर करून बसवलेला. या प्लेयरच्या पुस्तिकेत आडव्यापासून ३० अंशांपर्यंत तिरका चालेल असं दिलेलं होतं, आणि हा त्याहून बराच तिरका होता. सीडीवरच्या रेषा एकमेकींपासून १.६ मायक्रोमीटरवर असतात. तेवढ्यातून माग काढत जाणारी लेन्स आणि तिची सगळी यंत्रणा आत स्प्रिंगांवर आणि हादरे शोषणाऱ्या रबरी डॅम्परवर तोललेली असते. प्लेयर जास्त तिरका झाला की तो तोल एका बाजूला जातो आणि पुढचा हादरा झेलायला स्प्रिंगेत जागाच उरत नाही.

इथेच निदान झालं म्हणता आलं असतं. पण काका बोलता बोलता म्हणाले, "कधी कधी दोन-दोन मिनिटं गप्प बसतो. अगदी गुळगुळीत रस्त्यावर, नुसत्या वळणावरसुद्धा." हे मला पटेना. दणक्याने माग चुकला तर प्लेयर क्षणभर अडखळतो, पुढे-मागे उडी मारतो आणि पुन्हा वाजायला लागतो. दोन मिनिटं गप्प राहणं हे लक्षण वेगळं.

मी काकांना गाडी चालवायला सांगितलं आणि शेजारी बसून डिस्प्लेवरच्या वेळेवर नजर ठेवली. खराब रस्त्यावर गाणं अडखळलं, वेळ १:१२ वरून एकदम १:१५ वर गेली. हे खरंखुरं माग चुकणं. पुढे एका वळणावर आवाज पूर्ण गेला आणि डिस्प्लेवर मात्र २:०७, २:०८, २:०९ असे सेकंद शांतपणे पुढे चालले होते. म्हणजे सीडी फिरत होती, वाचली जात होती, फक्त आवाज बाहेर येत नव्हता. मी लगेच प्लेयरमधल्याच रेडिओचं बटण दाबलं. रेडिओही मुका. सीडीची यंत्रणा आणि रेडिओ एकाच क्षणी कसे बिघडतील? दोघांचा आवाज ज्या वाटेने बाहेर पडतो, दोष त्या वाटेवर होता.

या वयाच्या कित्येक गाड्यांत रेडिओपासून स्पीकरकडे जाणाऱ्या दोन वायरींपैकी एकच खऱ्या अर्थाने कामाची असे. दुसरी सरळ बॉडी अर्थला. ती वाटेत कुठे सोलली, पत्र्याला लागली, तरी काही बिघडत नसे, कारण ती आधीच पत्र्याला जोडलेली. नंतरच्या प्लेयरमध्ये तसं नसतं. स्पीकरच्या दोन्ही वायरी आतल्या अँप्लिफायरकडून येतात आणि चालू असताना दोन्हींवर बॅटरीच्या साधारण निम्मा, म्हणजे सहा-सात व्होल्ट दाब असतो. त्यातली कुठलीही एक पत्र्याला टेकली की अँप्लिफायर स्वतःला वाचवायला आवाज बंद करतो.

बॅटरीची निगेटिव्ह बाजूच बॉडीला आहे ना, हे मी आधी पाहिलं. काही जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह बाजू बॉडीला असते आणि तिथे असा प्लेयर सरळ जोडला तर जळतो. मग स्पीकरच्या सगळ्या वायरी प्लेयरपासून आणि स्पीकरपासूनही सोडवल्या, दोन टोकं कुठे जुळली की बीप करणाऱ्या मीटरचं एक टोक बॉडीला लावलं आणि दुसरं एकेका वायरीला. सगळ्या गप्प. काकांना म्हटलं, "सीटवर बसा आणि वळणावर कलता तसे जरा कला." मागच्या डाव्या स्पीकरची हिरवी वायर गप्पच राहिली. काळ्या पट्ट्याच्या हिरव्या वायरीला टोक लावलं आणि काका कलले तसा मीटर बीप करायला लागला.

सीट काढली, गालिचा उचलला. प्लेयर बसवताना मागच्या स्पीकरपर्यंत नव्या वायरी ओढल्याच नव्हत्या, गाडीतल्या मूळ वायरींना जोड दिला होता. त्यातली एक सीटच्या रुळाखाली आली होती. नखाएवढ्या जागेत प्लॅस्टिक घासून गेलं होतं आणि तांब्याच्या तारा उघड्या, घासून चकचकीत झालेल्या. जुन्या रेडिओच्या काळात ती वायर वर्षानुवर्षं तशीच असेल आणि कुणाला पत्ताही लागला नसेल. प्लेयर दहा वेळा बदलला असता किंवा डॅशबोर्ड कापला असता, तरी काकांचं गाणं वळणावर थांबलंच असतं.

ती मी दुरुस्त केली नाही. दोन्ही मागच्या स्पीकरना नव्या जोडवायरी ओढल्या, दाराच्या उंबऱ्याजवळून, सीटच्या वाटेत न येता, आणि पत्र्यातून जातात तिथे भोकाच्या कडेला घासू नयेत म्हणून रबरी ग्रोमेट, म्हणजे कडी, घातली.

जागेसाठी मी ग्लोव्ह बॉक्स सुचवला. मागे हीटरची नळी आणि वायपरच्या दांड्या आहेत का, प्लेयरच्या पाठीमागे प्लगना पुरेशी खोली उरते का, हे आधी मोजलं. अशा गाड्यांत ग्लोव्ह बॉक्स बऱ्याचदा पुठ्ठ्यासारख्या पातळ फायबरचा असतो, त्याच्या जिवावर प्लेयर सोडता येत नाही. म्हणून खाली पत्र्याची चौकट केली, ती डॅशबोर्डच्या आतल्या पट्टीला बोल्टने धरली आणि प्लेयरच्या मागच्या स्टडपासून (पाठीवरच्या बोल्टपासून) बल्कहेडपर्यंत, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापर्यंत, वेगळी पट्टी दिली. मागची पट्टी अनेक जण गाळतात, मला ते अजिबात पटत नाही. सगळे हादरे तिथेच तर मारले जातात. प्लेयर आडवा बसला, भोवती हवा खेळायला जागा ठेवली. पिवळी वायर थेट बॅटरीकडून, बॅटरीजवळच फ्यूज देऊन, लाल किल्लीवरच्या सप्लायला आणि काळी रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्याला. अर्थ कच्चा राहिला तर इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी स्पीकरमध्ये ऐकू येते.

काका म्हणाले, "मग रेडिओ आणि प्लेयर दोन्ही एकाच स्पीकरवर वाजव की." ते करायचं नसतं. दोन अँप्लिफायरचे आउटपुट एकत्र जोडले तर एक दुसऱ्याला खातो. जुना रेडिओ फक्त मीडियम वेव्हचा, त्यामुळे एफएमवरून सीडीचा आवाज त्यात पाठवणंही शक्य नव्हतं. म्हणून अँटेना पुन्हा रेडिओला दिली, त्याचा डॅशबोर्डमधला मूळ स्पीकर त्यालाच ठेवला आणि मागचे दोन प्लेयरला. रेडिओ चालू केल्यावर पट्टीमागचा दिवा लागला आणि खरखरीतून स्टेशन लागलं, तेव्हा काका काही न बोलता नॉब बराच वेळ फिरवत राहिले.

त्याच खराब रस्त्यावरून आणि त्याच वळणांवरून पुन्हा गाडी नेली, या वेळी मी चालवली आणि डिस्प्ले काकांनी पाहिला. सीडी सलग वाजली. परत आल्यावर कोणती वायर कुठून कुठे जाते, फ्यूज किती अँपिअरचा आणि कुठे आहे, मागच्या स्पीकरच्या दोन्ही वायरींपैकी एकही बॉडीला लावायची नाही, असा कागद लिहिला, प्लॅस्टिकमध्ये घातला आणि ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतून चिकटवला. या गाडीला पुढे जो कुणी हात लावेल, त्याच्यासाठी.