यमूची मुंबई, आजीची मुंबई

परवा पावसाने घरीच अडकले, म्हणून हरी नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' पुन्हा काढली. या वेळी मुंबईचाच भाग वाचायचा, असं ठरवून बसले.

१८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात ही कादंबरी क्रमशः येत होती. बोरघाटातून रेल्वे १८६३ सालीच सुरू झालेली, मुंबईत घोड्यांच्या ट्रामही धावत होत्या. पण मला या कादंबरीतलं बदलतं शहर दिसतं ते रस्त्यावर नाही, नायिका यमूच्या बिऱ्हाडात. सासरी नवऱ्याशी चार शब्द बोलायचे तर रात्रीची वाट पाहायची. मुंबईत ती त्याच्याशी उजेडी बोलते, वाचते, त्याच्या स्नेह्यांच्या घरी ऊठबस करते. इंग्रजी अमदानीने पुरुषाला शिक्षण दिलं, नोकरी दिली. पण बाईला मोकळं केलं ते सासरपासूनच्या अंतराने, असं मला ठामपणे वाटतं. पुढे १९३३ सालच्या 'धावता धोटा'त मामा वरेरकरांनी गिरणी कामगारांची मुंबई आणली. ती मुंबई फार वेगळी, तिच्यावर सवडीने लिहीन.

यमूचं बिऱ्हाड मला इतकं खरं वाटतं ते आजीमुळे. लग्नानंतर दोन वर्षं वाड्यात काढून ती गिरगावात चाळीत आली. दोन खोल्या, पाण्याचं पिंप, समाईक गॅलरी. मी एकदा विचारलं, "चाळीत कसला गं एकांत? दार तर दिवसभर उघडं!"

"दार उघडं होतं गं," आजी म्हणाली, "पण दारात मामंजी नव्हते."

पहिल्याच संध्याकाळी आजोबा ऑफिसातून आले, तेव्हा ती उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. ते शेजारी बसले आणि खडे वेचू लागले. शेजारपाजारची माणसं गॅलरीतून ये-जा करत होती, कोणी वळूनही पाहिलं नाही. हे सांगताना ऐंशी वर्षांची आजी लाजली होती.

शेवटी शेवटी तिला दिसेनासं झालं, तेव्हा हीच कादंबरी मी तिला वाचून दाखवायचे. यमूचा नवरा, रघुनाथराव, वारतात, तिला सासरी नेतात, तिथवर आलो आणि तिने माझा हात धरला. वाड्यातल्या लाल आलवणातल्या विधवा आत्याबाई तिने पाहिल्या होत्या.

"ते नको," म्हणाली. "मागे जा. मुंबईचं परत वाच."