एगरच्या मिशीची भानगड: प्रेपची (जीवाश्म दगडातून मोकळा करण्याची) नोंद ४

एगरच्या प्लेटवर (जीवाश्म असलेल्या दगडाच्या लादीवर) आज तीन तास बसले आणि काम पुढे जायचं सोडून मागे आलं.

मागच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी: ही एगर टिप्युलॅरियस, बव्हेरियातल्या झोल्नहोफेन-आइश्टेट पट्ट्यातली ज्युरासिक कोळंबी, साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीची. वंशाला नाव जर्मन जीवाश्मशास्त्रज्ञ म्यून्स्टरने १८३९ मध्ये दिलं. कुशीवर, पाठ वाकवून पडलीये, बाजारातल्या टोपलीत दिसते तशी. खूण म्हणजे तोंडापुढचे लांब काटेरी पाय, कंगव्याच्या दातांसारखे काटे असलेले. कोळंबी सोलताना आपण जे आधी फेकतो, तेच इथे सगळ्यात मोलाचं.

डोक्याकडचं कवच गेल्या खेपेला मोकळं झालं. कवच आणि पोट जिथे जुळतात तो सांधा जागच्या जागी आहे, त्यामुळे मी हिला कात न म्हणता अख्खा प्राणी धरतेय. कातेत तो सांधा बहुधा उघडा पडतो.

आज मिशा घेतल्या. एक मिशी झोकात वळसा घेत पार कडेपर्यंत गेलेली. खरं सांगायचं तर तिच्यावरच भाळून प्लेट घेतली होती. दिवे बंद केले, ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च मारला. अंग पिवळट उजळलं, मिशी बुडाशी दोन बोटं उजळली आणि पुढे सगळा काळोख. ॲसिटोनचा बोळा टेकवला तर तपकिरी रंग कापसावर! ब्रशाची रेघ होती ती. विकणाऱ्याला काय बोलायचं, टॉर्च माझ्याच खणात पडून होता.

रंग पुसल्यावर गंमत झाली. खरी मिशी भलत्याच दिशेला, खाली वळलेली. दगडाच्या पापुद्र्याखालून अंधुक चमकत होती. एअर स्क्राइबच्या (हवेच्या दाबावर चालणाऱ्या बारीक छिन्नीच्या) थरथरीने कवच उडेल म्हणून नुसत्या सुईने खरवडलं. १२ मिलिमीटर मोकळी झाली. दगड इतका बारीक पोताचा की भुकटी पिठीसारखी निघते. शिळाछापाला (दगडावरून छपाई करायला) हाच दगड का लागायचा, ते सुई धरल्यावर कळतं.

अजून चारेक सेंटिमीटर बाकी आहे. मध्ये एक भेग आडवी येते. तिच्यात पातळ पॅरालॉइड (जीवाश्म पक्के करायचा डिंक) सोडून ठेवलंय, सकाळपर्यंत वाळेल.